गियरचा दांडा नेमका कुठे ढिला होतो

डहाणू रोड स्टेशनबाहेरून आशागड, कासा, सायवनकडे माणसे नेणाऱ्या जुन्या जीपमध्ये पुढच्या बाकावर ड्रायव्हरला खेटून बसलेल्या प्रवाशाच्या गुडघ्याला गियरचा दांडा सतत लागत असतो. गाडी किती वापरली गेली आहे, हे त्या दांड्यावरून ओळखता येते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली की दांडा इंजिनच्या ठोक्यावर थरथरतो. दुसरा टाकायचा तर आधी तो वीतभर मोकळाच फिरतो, मग कुठेतरी ‘टक’ होते. तिसऱ्याऐवजी पहिला तर लागणार नाही ना, म्हणून ड्रायव्हर मनगट अंदाजाने वळवतो. एमएच ०४ ही ठाण्याची जुनी पाटी असलेल्या अशा जीप आता कमी झाल्या आहेत. पण चिकूच्या वाड्यांवर, तलासरीच्या पाड्यांमध्ये आणि गुजरातच्या सीमेलगतच्या रस्त्यांवर जुनी जीप, ओम्नी, मारुती ८०० आणि रिक्षा अजून रोजचे काम करताना दिसतात.

असा दांडा घेऊन माणूस गॅरेजमध्ये गेला की बऱ्याचदा ऐकू येते, ‘बॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ गियरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी दोन दिवस उभी, दोन दिवसांचे भाडे बुडाले, मजुरी वेगळी. आणि उघडून पाहिल्यावर आत सगळे ठीक निघाले तरी पैसे द्यावेच लागतात. माझे म्हणणे या प्रकरणात एकच आहे. जुन्या गाडीचा दांडा ढिला असेल तर दोष बहुतेक वेळा बॉक्सच्या बाहेर असतो. काही शे रुपयांच्या रबरी किंवा नायलॉनच्या तुकड्यात तो सापडतो आणि तो शोधायला बॉक्स उघडावा लागत नाही. शोधायचा कसा, हे मात्र माहीत हवे.

आधी आत काय चालते ते थोडक्यात पाहू. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे गियर लागण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी रचना, आणला. तेव्हापासून रुळलेल्या रचनेत पुढे जाण्याच्या गियरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. आपण दांडा ढकलतो तेव्हा गियरची चाके सरकत नाहीत. सरकते ती त्यांच्यामधली एक बाही. ही बाही दोन बोटांच्या चिमट्यासारख्या फोर्कने धरलेली असते. फोर्क एका गजावर बसतो आणि गजाच्या खाचेत दांड्याचे खालचे टोक येते. दांडा डावी-उजवीकडे नेला की कोणता गज धरायचा ते ठरते, पुढे-मागे नेला की तो गज सरकतो. बाहीचा हा सगळा प्रवास साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असतो. एवढ्या छोट्या अंतरात गियर पूर्ण लागतो किंवा अर्धवट राहतो.

आता एक हिशेब करून पाहा. समजा, मुठीपासून तो ज्यावर फिरतो त्या टेकूपर्यंत दांडा ३० सेंटिमीटर आहे आणि टेकूखाली ६ सेंटिमीटर. म्हणजे खालच्या टोकाची १ मिलिमीटर झीज मुठीत ५ मिलिमीटर दिसते. टेकूच १ मिलिमीटर झिजला असेल तर मूठ ६ मिलिमीटर हलते. दोन-तीन सांध्यांत एकेक मिलिमीटर गेला की हाताला दांडा बराच डुलल्यासारखा वाटतो, पण प्रत्यक्षात गेलेले असतात दोन-तीन मिलिमीटर. हा दिलासा आहे आणि इशाराही. दिलासा असा की एवढ्या डुलण्यासाठी बॉक्सची वाट लागलेली असण्याची गरज नाही. इशारा असा की एक सेंटिमीटरच्या प्रवासातले तीन मिलिमीटर वाया गेले तर बाही पूर्ण बसत नाही. मग सगळा भार दातांच्या कडांवर येतो, कडा गोल होतात आणि एक दिवस गियर आपोआप सुटू लागतो. बाहेरचा स्वस्त दोष असा आतला महाग दोष होतो. म्हणून ‘चालतेय ना’ म्हणून तो ओढत नेणे मला पटत नाही.

जुन्या जीपचा दांडा थेट बॉक्सच्या डोक्यावर बसतो. मधे रॉड नाहीत, केबल नाहीत. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या घराण्यातल्या पुढच्या कितीतरी गाड्यांत हीच रचना राहिली. दांड्यावर एक पोलादी गोळा असतो आणि तो एका उंच टोपीखालच्या वाटीत बसतो, खुब्याच्या सांध्यात हाड बसावे तसा. वरून स्प्रिंग त्याला दाबून धरते. गोळ्याला एक खाच असते. तिच्यात अडकलेली छोटी पिन दांड्याला स्वतःभोवती फिरू देत नाही. झीज होते ती नेमकी या चार ठिकाणी: गोळा, वाटी, स्प्रिंग आणि पिन. पाचवी जागा म्हणजे दांड्याचे खालचे टोक.

हे सगळे वरून दिसते, गाडीखाली जावेही लागत नाही. दांड्याच्या तळाशी असलेले रबरी आवरण, म्हणजे बूट, वर सरकवायचा आणि भोवतालची माती ब्रशने आणि फडक्याने नीट काढायची. एक खडाही आत पडू द्यायचा नाही. काही जीपमध्ये टोपी खाली दाबून फिरवली की सुटते, काहींमध्ये बोल्ट असतात. दांडा वर ओढून काढला की टोक हातात घेऊन पाहा. ते सपाट झाले असेल, एका बाजूने चपटले असेल, तर मुठीतला अर्धा ढिलेपणा तिथेच सापडला. हे टोक वेल्डिंगने भरून कानशीने मूळ मापाला आणता येते आणि काम चांगले टिकते. वेल्डिंग मात्र दांडा गाडीबाहेर काढूनच करायचे आणि माप खाचेत घालून तपासायचे. घट्ट बसले तर अडकेल, सैल राहिले तर मेहनत फुकट. स्प्रिंग दमलेली असेल तर नवी टाका. वाटी खोलवर झिजली असेल तर टोपी बदलणेच बरे. खाली वॉशर घालून उंची वाढवतात खरी, पण गोळा गोल राहिलेला नसेल तर वॉशर काय करणार?

टोक फार झिजले की आणखी एक प्रकार होतो आणि तो नेमका भरल्या गाडीत, चढावर होतो. दांडा दोन गजांच्या मधे निसटतो आणि गाडी एका गियरमध्ये अडकून बसते. ड्रायव्हर दांड्यावर जोर काढतो, त्याने फोर्क वाकू शकतो. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि चाकांना दगड लावा. दांडा काढून टॉर्चने आत पाहा. दोन गजांच्या खाचा एकमेकांसमोर नसतील. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने सरकलेला गज हळूच मागे आणायचा. खाचा समोरासमोर आल्या की गाडी न्यूट्रलला आली. दांडा बसवून घरी जाता येते, पण दुसऱ्या दिवशी टोकाचे काम करायलाच हवे.

ओम्नी आणि मारुती ८०० ची गोष्ट वेगळी. ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे ‘ओम्नी’ झाली आणि २०१९ पर्यंत बनली. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आणि गियरबॉक्स त्याच्या मागे. दांडा मात्र ड्रायव्हरच्या पुढ्यात, म्हणजे हाताची हालचाल रॉडमार्गे मागे न्यावी लागते. ८०० मध्ये इंजिन पुढे आडवे, तिथेही दांड्यापासून बॉक्सपर्यंत रॉड जातो आणि त्याला सोबत देणारा दुसरा रॉड असतो. रॉडच्या प्रत्येक टोकाला रबर किंवा नायलॉनचा बुश, पिन, वॉशर, क्लिप. एक बुश फुटला तर दांडा थोडा डुलतो, तीन फुटले की ड्रायव्हरला रिव्हर्स शोधावा लागतो. या गाड्यांचे बुश किटच मिळते. एकच फुटलेला बुश बदलून बाकीचे ठेवू नका. सगळ्यांचे वय सारखेच असते आणि पिना एकदा काढल्यावर पूर्ण किट टाकायला फार वेळ जास्त लागत नाही.

हात गियरच्या गाड्यांतही हेच. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, मुंबईची काळीपिवळी, तिचा गियर स्टिअरिंगच्या खांबावर असे. मुठीपासून बॉक्सपर्यंत लांबच लांब दांडे आणि प्रत्येक जोडावर बुश. मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. पद्मिनीचा ढिला गियर सरळ करायचा तर रॉडचे सगळे जोड एकामागोमाग तपासायचे, दुसरा मार्ग नव्हता. रिक्षाच्या डाव्या मुठीत रॉडऐवजी दोन केबल असतात, एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. केबल लांबली की मुठीवरची न्यूट्रलची खूण आणि खरा न्यूट्रल यांचा मेळ सुटतो. आधी केबलचे ॲडजस्टर फिरवून पाहायचे. केबलच्या तारा तुटू लागल्या असतील तर जोडी बदलायची.

आता शोधायची पद्धत. दोन माणसे लागतात. गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. डहाणू, चिंचणी, बोर्डीच्या किनाऱ्यालगत जमीन रेताड आहे. तिथे जॅकखाली जाड फळी नसेल तर जॅक खचतो. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीही जाऊ नये. घोड्या लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, इंजिन बंद आणि चावी खाली जाणाऱ्याच्या खिशात. मग एकाने सीटवर बसून दांडा हळूहळू, जोर न लावता, मोकळा आहे तेवढाच डावी-उजवीकडे, मग पुढे-मागे हलवायचा. खालच्याने दांड्यापासून सुरुवात करून बॉक्सच्या दिशेने एकेक सांधा बोटांनी धरत जायचे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो सांधा गेला. खडूने खूण करा आणि पुढे जा. एका जागी दोष सापडला म्हणून थांबू नका, जुन्या गाडीत तो एकटा क्वचितच असतो. शेवटचा सांधा बॉक्सवरच्या आखूड हाताचा. तोपर्यंत सगळे घट्ट असेल आणि तरीही दांडा डुलत असेल, तरच बॉक्सच्या आत पाहायची वेळ आली.

इंजिन आणि बॉक्सचे माउंटिंग, ज्याला गॅरेजमध्ये फाउंडेशनही म्हणतात, तेही याच वेळी पाहा. ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर दांडा स्वतःहून पुढे-मागे होत असेल, तर इंजिनच जागेवर डुलते आहे आणि रॉडला ओढते आहे. तेव्हा नवे बुश टाकूनही दांडा सुधारणार नाही. लोक बुशाला दोष देतात, दुकानदाराला दोष देतात आणि फाटलेले माउंटिंग तसेच राहते.

हे बुश आपल्याकडे लवकर का जातात, याचे उत्तर इथल्या हवेत, मातीत आणि धुण्याच्या पद्धतीत आहे. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने पिनांना गंज चढतो. गंजलेली खरखरीत पिन बुशाला आतून खरवडते. आत तलासरी, उधवा, सायवनच्या बाजूला पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. बूट फाटला की ती दांड्याच्या वाटीत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून तिची घासणारी लुगदी बनते. पण सगळ्यात मोठे नुकसान आपण हाताने करतो. गाडी धुतल्यावर गंज नको म्हणून खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारायची पद्धत आहे. पत्र्याचे काय भले होते ते होवो, डिझेल रबराला फुगवते, मऊ करते, आणि माउंटिंग, बुश, बूट सगळेच एकाच वेळी सडायला लागतात. गाडी पाण्याने धुवा. फवारायचेच असेल तर रबराचे सांधे झाकून घ्या.

नवे बुश टाकताना पिन आणि भोकही तपासा. भोक लांबट झाले असेल तर नवा बुशही त्यात डुलेल. त्यावर खरा उपाय म्हणजे भोक मोठे करून त्यात धातूची बारीक नळी दाबून बसवणे किंवा भोक भरून पुन्हा नेमके पाडणे. ही कामे लेथवर होतात. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि उद्योगांवर बंधने आली, त्यामुळे इथे लेथ मिळेलच असे नाही. उंबरगाव आणि वापीच्या औद्योगिक वसाहती मात्र सीमेपलीकडे जवळच आहेत. जुन्या गाडीचा बुश बाजारात मिळत नसेल तर नमुना घेऊन तिकडे नायलॉनचा किंवा गनमेटलचा बुश लेथवर करून घेता येतो. जिथे इंजिनचे हादरे दांड्यापर्यंत येऊ नयेत म्हणून रबर घातले आहे, तिथे गनमेटल घालू नका. दांडा घट्ट होईल, पण मुठीत आणि गाडीत थरथर येईल. नायलॉनला साधे ग्रीस चालते, रबराला सिलिकॉनचे ग्रीस लावा. सायकलच्या ट्यूबची पट्टी पिनेभोवती गुंडाळून गाडी घरी आणणे समजू शकतो. तिच्यावर आठवडे काढणे धोक्याचे, कारण पट्टी सरकून रॉड अडकला तर गियर निघणार नाही. आणि सांधा वेल्ड करून टाकणे हा तर उपायच नाही. जिथे हालचाल हवी तिथे ती बंद केली की ताण पुढच्या सांध्यावर जातो.

रॉड काढण्याआधी जोडांच्या जागेवर रंगाची किंवा ओरखड्याची खूण करा. जिथे क्लॅम्प किंवा आटे असलेले टोक आहे, तिथे बॉक्स न्यूट्रलमध्ये आणि दांडाही न्यूट्रलमध्ये मधोमध धरून मगच बोल्ट आवळा. इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून पाहा, रिव्हर्ससुद्धा. दांडा शेवटपर्यंत जातो का, कुठे पत्र्याला किंवा बुटाला अडतो का ते बघा. नवा जाड बूटही कधी कधी दांड्याला परत ढकलून गियर अर्धवट ठेवतो.

सगळे दोष दांड्याचे नसतात, हेही सांगायला हवे. दांडा घट्ट आहे पण गियर टाकताना करकर होते, तर क्लच पूर्ण सुटत नाही किंवा सिंक्रो रिंग झिजली आहे. गार गाडीत गियर जड जातो आणि गरम झाल्यावर सुधारतो, तर गियर ऑइल पाहा. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-५ टाकू नका, त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना बाधू शकतात. विलीजच्या तीन गियरच्या बॉक्समध्ये पहिल्या गियरला आणि रिव्हर्सला सिंक्रोमेश नव्हताच. गाडी सरकत असताना पहिला करकरला म्हणून बुश बदलण्यात अर्थ नाही. आणि बाहेरचे सगळे सांधे घट्ट असताना गियर सुटत असेल, तर दोष आतला: गजाला जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग दमली, फोर्क झिजला किंवा दात गोल झाले. तेव्हा मात्र बॉक्स उतरवायलाच हवा. टाळाटाळ करू नका. जव्हारहून कासाकडे उतरताना खालचा गियरच गाडी धरून ठेवतो. तो सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो. बॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील त्याच वेळी पाहून घ्या, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते.

ड्रायव्हरची एक सवयही झिजेला हातभार लावते. गियर टाकल्यावर हात मुठीवरच ठेवायचा. त्या हाताचा सततचा दाब फोर्कला फिरत्या बाहीवर घासत ठेवतो. डुलणारा दांडा धरून ठेवावा लागतो, म्हणून ही सवय पक्की होते. दांडा सुधारला की हात स्टिअरिंगवर परत न्यायला सांगा.

भाड्याच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. पण दांड्याची तपासणी त्या तारखेवर सोडू नका. या भागात वर्षातून दोनदा ती करावी. एकदा चैत्र पौर्णिमेला सुरू होणाऱ्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेआधी, कारण तेव्हा गाड्या क्षमतेबाहेर भरून धावतात. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आसपास, पावसाळ्याचा चिखल धुतल्यावर. आणि कोणी बॉक्स उतरवायला सांगितले, तर होकार देण्याआधी त्याच्यासोबत गाडीखाली जा आणि बाहेरचा प्रत्येक सांधा घट्ट आहे हे त्याच्याकडून दाखवून घ्या.